चेनसॉ आणि रकाना क्रमांक सात

१ मार्च, शनिवार. सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. कंपनीतून निवृत्त होताना एक कोरं अपघात-रजिस्टर घरी आणलं होतं, ते कामी आलं. पानं जाड. वर तारीख आणि वेळ छापलेली, खाली बारीक अक्षरात ‘साक्षीदाराची सही’. ती ओळ कोरीच राहणार. हे लिखाण माझ्याशिवाय कोणी वाचायचं नाही. मीसुद्धा मागचं पान उलटून बघणार नाही. माणसाने पुढे बघावं.

विषय : परसातली निलगिरी. दीड वर्षापूर्वी वाळली. उंची तीन मजले. कल मागच्या खोलीकडे. मागच्या खोलीवर पत्रे.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. बावीस तारखेला डिस्चार्ज. पायऱ्या नसलेली आणि बाथरूम लागून असलेली खोली घरात एकच. तीच ती मागची. आणि आईला दोन महिने तरी पलंगावरून स्वतःहून उठता यायचं नाही, पळणं तर लांबच.

काल हॉस्पिटलात मेहुणा म्हणाला, दाजी, झाड तोडायला मी माणूस बघतो, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. दोन नर्सांसमोर म्हणाला. मी शांतपणे सांगितलं की सुरक्षा विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला झाड कसं तोडायचं हे कोणी शिकवू नये. मी स्वतः तोडणार. चेनसॉ आणून. चेनसॉ हा शब्द मी कसा काय उच्चारला, माहीत नाही. आला तोंडून.

आई म्हणाली, "तू? तुला दाढीचं ब्लेड बदलताना घाम फुटतो." आई अजून औषधाच्या गुंगीत आहे.

संकल्प : २१ मार्चच्या आत झाड आडवं.

३ मार्च, सोमवार. दुपारी १.००

चेनसॉ आला. खोकं हिने शिवणाच्या कात्रीने उघडलं. मी तेव्हा खिडकी बंद करत होतो.

वजन साडेपाच किलो. रंग भडक. दात अपेक्षेपेक्षा जास्त. हॉलमध्ये टीपॉयवर ठेवला आणि त्यावर जुनी चादर घातली, धूळ बसू नये म्हणून. नंतर मी खुर्ची हलवली. चादरीकडे पाठ करून पेपर वाचता येईना. उजेड नीट येत नव्हता.

सोबत चौसष्ट पानी माहितीपुस्तिका. पहिलं पान सोडलं. यंत्राच्या पुस्तिकेचं पहिलं पान कोणी वाचत नसतं. हे मी अधिकाराने सांगतो, कारण कंपनीच्या सगळ्या पुस्तिकांची पहिली पानं मीच लिहीत असे.

दोन नंबरपासून अभ्यास सुरू.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.४०

अभ्यास पान १९ पर्यंत. पान १९ वर उसळी. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की सॉ उलटा उसळतो आणि चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. खाली चित्रही आहे. चित्रातल्या माणसाला चेहरा काढलेला नाही. का काढला नसेल, यावर बराच वेळ विचार केला.

स्वयंपाकघरात जाऊन हे पान हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ज्ञान वाटावं. तिने विचारलं, तोंडाकडे म्हणजे नेमकं कुठे. मी कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवून दाखवलं. दूध उतू गेलं. हिचं हल्ली लक्ष नसतं.

मला रक्ताची किंवा यंत्राची भीती नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. एकतीस वर्षांत अकराशे चाळीस अपघातांचे फॉर्म माझ्या हाताखालून गेले. डावी तर्जनी, उजवा अंगठा, मनगट, खांदा, टाळू. रकाना चार म्हणजे अवयव. रकाना पाच म्हणजे यंत्र. रकाना सात म्हणजे कारण. कारणाच्या रकान्यासाठी मी खास रबरी शिक्का बनवून घेतला होता : कामगाराचा निष्काळजीपणा. वेळ वाचायचा. वरिष्ठ खूश असत. निवृत्तीच्या दिवशी तो शिक्का आठवण म्हणून खिशात टाकून आणला.

प्रत्यक्ष यंत्राजवळ जायची वेळ कधी आली नाही. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.००

सुरक्षा साहित्य आलं. हेल्मेट, त्याला तोंडावर पाडायची जाळी, आवाज अडवणारी कानांवरची बोंडं, हातमोजे, जाड बूट, आणि एक विजार. विजारीच्या आत धाग्यांचे थर भरलेले असतात. चेन मांडीवर आली तर धागे तिच्यात गुंततात आणि ती थांबते. चेन मांडीवर आली तर, असं पान २३ वर अगदी सहज लिहिलंय. शेजारी पाव्हणा आला तर, असं लिहावं तसं.

सगळं अंगावर चढवून पाहिलं. खाली बसता येईना. आरशात दिसलेला माणूस शूर वाटला. डोळे तेवढे जाळीआड होते ते बरं.

त्याच वेळी आईचा फोन येऊन गेला. कानांवर बोंडं असल्यामुळे ऐकू आला नाही. हिने उचलला. आईने विचारलं, काय करतोय. ही म्हणाली, कपडे घालतोय. आई म्हणाली, सकाळपासून?

रजिस्टर आता सॉच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा. त्या खोक्याला कोणी हात लावत नाही.

१० मार्च, सोमवार. दुपारी ४.१५

नवा सॉ थेट वापरू नये, आधी जाणकाराकडून चेनचा ताण तपासून घ्यावा, असं मला वाटलं. पुस्तिकेत तसं नाही, पण मला वाटलं. यात निदान दोन दिवस जातील. म्हणजे, काम पक्कं होईल.

बस स्टॉपमागे एक दुरुस्तीवाला आहे. गवत कापायची यंत्रं, पंप, सॉ, सगळं करतो. दुकानात पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा वास. भिंतीवर चेनची वेटोळी टांगलेली. मी दारातच उभा राहिलो. आत गर्दी होती. एक गिऱ्हाईक होतं.

दुरुस्तीवाल्याने सॉ उचलला, चेन बोटाने ओढून पाहिली आणि म्हणाला, नवाच आहे, काय बघायचं यात. तेव्हा त्याचा डावा हात दिसला. तीन बोटं. करंगळी आणि शेजारचं नाही.

मी ओळखलं. कंपनीत प्रेस मशीनवर होता. डावी करंगळी, डावी अनामिका, प्रेस क्रमांक दोन. माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, रकाना चार राहतो.

त्याने मला ओळखलं असेल असं वाटत नाही. नुसता बघत होता. मग म्हणाला, साहेब, हाताला घाम आलाय तुमच्या. मी म्हटलं, हातमोज्याचं कापड बरोबर नाही. तेव्हा मी हातमोजे घातलेले नव्हते, हे आता लिहिताना लक्षात आलं.

सॉ तिथेच ठेवून आलो. हिला म्हटलं, परवा तूच घेऊन ये, माझं वाचन राहिलंय.

१२ मार्च, बुधवार. रात्री ८.००

ही सॉ घेऊन आली. एवढ्याशा कामाला तिला दीड तास लागला. विचारलं तर म्हणाली, त्यांच्याशी बोलत होते. बायकांना कोणाशीही बोलायला लागतं.

देखभाल सुरू केली. पान ३१ : रोज चेन काढावी, पट्टीच्या खाचेतला भुसा साफ करावा, तेलाचं भोक मोकळं आहे ना बघावं. अजून काही कापलेलं नसल्यामुळे भुसा नव्हता. तरीही काढला.

माझी पद्धत अशी : उघडण्याआधी मोबाइलवर फोटो. लावताना फोटोत बघून जशीच्या तशी. इंचभर फरक नाही. कारखान्यातले लोक हे करत नाहीत आणि मग फॉर्म भरायची वेळ येते.

हिने दारात उभं राहून बघितलं. म्हणाली, बरोबर अशीच लावणार ना रोज? मी फोटो दाखवला. तिला फार समाधान वाटलेलं दिसलं. शिस्तीचं कौतुक असणारी बायको मिळायला भाग्य लागतं.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.३०

पहाटेपासून वारा. निलगिरी आवाज करते. दार कुरकुरावं तसा, पण दार नाही. साडेनऊला एक फांदी मागच्या खोलीच्या पत्र्यावर पडली. मनगटाएवढीच होती. आवाज मात्र अख्खं घर पडल्यासारखा झाला.

ही धावत आली तेव्हा मी डायनिंग टेबलाखाली होतो. पेन पडलं होतं. पेन माझ्या खिशात आहे असं ती म्हणाली. ते दुसरं पेन.

नंतर जाऊन बघितलं. पत्र्याला पोचा पडलाय. बरोबर त्याच्या खाली आईचा पलंग लागणार आहे. तिथे उभा राहिलो आणि वर बघितलं. खोड एवढं मोठं आहे हे अंगणातून कळत नाही, खालून कळतं.

कोणाला सांगणार नाही, इथे लिहितो : सॉला हात लावायचा म्हटलं की आधी सोडा-पाणी घ्यावं लागतं आणि नाही लावला तर आईच्या अंगावर झाड. ॲसिडिटी वाढली आहे. मेहुण्याला फोन करावा का, असा विचार पाच मिनिटं आला. मग त्याचा आवाज कानात आला आणि विचार गेला.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ९.००

चहा देताना ही आपणहून म्हणाली, अहो, माझ्या भावाला फोन करायचा नसेल तर करू नका, तो दुरुस्तीवाला सांगत होता की त्याच्या ओळखीचा एक दोरवाला आहे, झाडावर चढून वरून तुकडे तुकडे करत खाली उतरवतो.

माझ्या मनात कालच हा विषय होता. बायको मनकवडी आहे. पण इथे प्रश्न तत्त्वाचा आहे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तत्त्व पलंगावर झोपणार नाहीये, आई झोपणार आहेत. मी पेपर उघडला.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.३०

आज भरीव काम. पेट्रोल आणि इंजिन ऑइल पन्नासास एक प्रमाणात. मोजायला हिचं औषधाचं माप घेतलं, ते आता स्वयंपाकघरात परत येणार नाही असं तिने सांगितलं. पेट्रोल भरल्यावर ती जागा सोडून निदान तीन मीटर लांब जाऊन मगच सॉ सुरू करायचा, असा नियम आहे. मी तीस मीटर लांब गेलो. सॉ पहिल्याच जागी राहिला होता.

मग सुटकेचा मार्ग आखला. झाड पडायला लागलं की चालवणाऱ्याने मागे, तिरपं, पंचेचाळीस अंशात सरकायचं. वाट आधीच मोकळी करून ठेवायची. चुन्याच्या फक्कीने दोन रेघा मारल्या, अंगणापासून थेट फाटकापर्यंत. पुस्तिकेत पाच-सहा मीटर पुरेत म्हटलंय. पुस्तिका लिहिणाऱ्याने आमची निलगिरी पाहिलेली नाही.

वाटेच्या टोकाला, नेमकी दिसावी म्हणून, लाल बादली उपडी ठेवली.

झाड पाडायची दिशाही ठरवली : खोलीच्या विरुद्ध. कल खोलीकडे आहे हे खरं, पण खाच जिकडे करू तिकडे झाड जातं, असं पान ४० वर आहे. त्याखालची बारीक टीप डोळ्यांना त्रास होतो म्हणून वाचली नाही.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ११.४५

प्रथम चालू करण्याचा दिवस. सॉ सपाट जमिनीवर, चेन-ब्रेक लावलेला, डावा हात पुढच्या मुठीवर, उजव्या बुटाचं टोक मागच्या मुठीत, मग दोरी ओढायची. हातात लोंबकळत धरून ओढायची नाही. सगळं नियमाने.

अकरा वेळा ओढली. सुरू झाला नाही. प्रत्येक वेळी नाही झाला की आतून इतकं बरं वाटायचं. चिकाटीचा आनंद वेगळाच असतो.

बाराव्या वेळी हिने खिडकीतून सांगितलं की स्विच बंद आहे. मला माहीत होतं. रंगीत तालीम होती. आता दमलो असल्यामुळे आज पुढचं नको, दमलेल्या माणसाने सॉ चालवू नये, पान ११.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ३.३०

हॉस्पिटल. आई वॉकर धरून आठ पावलं चालली. मी टाळ्या वाजवल्या. तिने त्या थांबवल्या.

मग मला पलंगाशेजारी बसवलं आणि हिला पाणी आणायला पाठवलं. म्हणाली, "मला घरी यायची भीती वाटते." मी म्हटलं, झाडाची काळजी करू नकोस. ती म्हणाली, "झाडाची नाही. तुझी. लहानपणी तू घाबरलास की गप्प बसायचास आणि मग काहीतरी भलतंच करायचास. विहिरीत उडी तशीच मारलीस. पोहता येत नव्हतं तुला."

मी म्हटलं, ती पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. ती म्हणाली, मग?

बसमध्ये ही म्हणाली, आज गप्प आहात. मी म्हटलं, कुठे.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.३०

आजच. उद्या आई येणार. रात्री झोप उत्तम लागली, दोन ते सव्वातीन.

हिला शिट्टी देऊन फाटकाबाहेर उभं करणार आहे. ती हो म्हणाली. एवढ्या लगेच हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. रडेल वगैरे असं वाटलं होतं.

अंगावर सगळं साहित्य. बुटाची नाडी चौथ्यांदा बांधली, सुटते म्हणून. सुटत नाही.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७.००

पलंगावरून लिहितो. उजवा पाय उशीवर.

घडलं ते क्रमाने. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सॉ सुरू झाला. चौथ्या ओढीत. तो सुरू होईल असं मी धरूनच चाललो नव्हतो. आवाज बोंडांतून आत आला, दातांत आला, पोटात आला. ब्रेक सोडला. चेन फिरायला लागली, दात दिसेनासे झाले. त्या क्षणी मला कोणतंही पान आठवेना. आठवत होते फक्त रकाना चारचे अवयव, एकामागून एक.

सॉ खोडाला टेकवला. डोळे उघडे होते असं माझं मत आहे.

कापलंच नाही. सॉ नुसता खोडावर घासत राहिला. जळका वास आला. मग धूर. खोडातून की सॉतून ते कळेना. मला वाटलं आता उसळी. कपाळापासून हनुवटीपर्यंत. मी सॉ सोडला आणि सुटकेच्या मार्गाने निघालो. मार्ग उत्तम आखला होता, एकही अडथळा नव्हता, फक्त शेवटी लाल बादली होती.

ही शिट्टी फेकून आली. आधी माझे दोन्ही हात हातात घेऊन बोटं मोजली. दहा. मग पुन्हा मोजली. मग मातीत माझ्या शेजारी बसून रडली. मी तिला सांगत होतो की हात नाही, पाय, पाय बघ. ती हातच सोडेना.

सॉ बाजूला पडून बंद पडला होता. मुठीवरचा हात सुटला की चेन थांबते. चांगली सोय आहे.

डॉक्टर म्हणाले, घोटा मुरगळलाय, मोडला नाही. चेनसॉने झालं म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला होता. बादलीने म्हटल्यावर पूर्ववत झाला.

झाड उभं आहे. खोडावर बोटभर लांब काळा डाग. आई उद्या चारला येते. मला काही सुचत नाही.

२२ मार्च, शनिवार. दुपारी २.००

सकाळी सात वाजता दुरुस्तीवाला दारात. बरोबर दोरवाला, वाळलेला, साठीचा. हिने बोलावलं होतं. मला विचारलं नाही. मीही ते विचारलं नाही.

दुरुस्तीवाल्याने सॉ उचलून माझ्यासमोर धरला. चेन उलटी होती. दातांची धार मागे. अशी चेन महिनाभर घासली तरी लाकूड कापणार नाही. मी म्हटलं, अशक्य, मी रोज फोटो बघून लावतो. फोटो काढला. फोटोतही उलटी. पहिल्या फोटोपासून.

तेव्हा हिने सांगितलं. बारा तारखेला तिने दुकानात जाऊन विचारलं होतं, सॉ सुरू व्हावा पण कापू नये असं काही करता येतं का. तो म्हणाला, असं कोणी मागत नाही वहिनी, पण येतं. आणि चेन काढून उलटी लावून दिली. पुढचं काम मी केलं. रोज, इंचभरही फरक न करता.

मी रागावणार होतो. त्याआधी दोरवाला झाडाभोवती तीन फेऱ्या मारून आला. मी खोडावर खूण केलेली खाचेची जागा बघितली. म्हणाला, इथे कापलं असतं तर झाडाने तुमचं ऐकलं नसतं, ते कललंय तिकडेच गेलं असतं. खोलीवर. नाहीतर मध्येच फाटून तुमच्यावर. मग कमरेला पट्टा बांधता बांधता, ऊन पडलंय म्हणावं तशा आवाजात म्हणाला, "मला या झाडाची भीती वाटते. वाळलेलं आहे, वरून कधी काय सुटेल नेम नाही. दोन दोर लावतो."

त्याने दोन दोर लावले. अडीच तासांत निलगिरी तुकड्या-तुकड्याने खाली आली. प्रत्येक तुकडा दोराला लटकत, सावकाश, आजारी माणसाला उतरवावं तसा. पत्र्याला ओरखडा नाही.

मी खुर्चीत बसून बघत होतो. दुरुस्तीवाला शेजारी येऊन बसला. बोलायचं म्हणून मी पुस्तिका काढली, तर त्याने पहिलं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. मोठ्या अक्षरात होतं : झाड वाळलेलं असेल किंवा घराकडे, तारांकडे, रस्त्याकडे कललेलं असेल तर स्वतः तोडू नका, जाणकाराला बोलवा. त्याखाली : भीती वाटत असेल तर यंत्र सुरू करू नका, तसं सांगा.

मी म्हटलं, पहिलं पान कोणी वाचत नाही.

तो म्हणाला, "मी वाचलं होतं साहेब. प्रेस मशीनच्या पुस्तिकेचं. तुम्हीच लिहिलं होतं, भीती वाटत असेल तर सुरक्षा विभागात सांगा. म्हणून पहिल्या मजल्यावर येऊन तुम्हाला सांगितलं, दोन नंबरची जाळी तुटली आहे, मला भीती वाटते. तुम्ही म्हणालात, लेखी आणा." मग तीन बोटांनी चहाचा कप उचलून म्हणाला, "चार दिवसांनी हे झालं. लेखी आणायचं राहिलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मला आठवत नाही, असं मी सांगितलं.

२२ मार्च, शनिवार. रात्री ९.००

आठवतं. निळा शर्ट घातला होता. दारात उभा होता, आत आला नव्हता. मी मान वर न करता बोललो. अर्जाचा नमुना कुठे मिळतो तेही सांगितलं नाही. आणि फॉर्म आला तेव्हा रकाना सातमध्ये शिक्का मारला. शाई नीट उठली नाही म्हणून दोनदा मारला.

आई आली. खोलीत वर बघितलं, खिडकीतून बाहेर बघितलं. झाड नाही बघून म्हणाली, कोणी तोडलं? मी म्हटलं, मी नाही. ती म्हणाली, "मग झोपते निवांत." आणि खरंच झोपली. तासभर दाराशी बसून तिचा श्वास ऐकला.

२३ मार्च, रविवार. सकाळी ७.१५

शेवटची नोंद. नियमाप्रमाणे अपघात झाला म्हणजे फॉर्म हवा.

रकाना एक, जखमीचं नाव : मी. वय : एकसष्ट. रकाना तीन, कामाचा कालावधी : अंदाजे चार सेकंद. रकाना चार, अवयव : उजवा घोटा. रकाना पाच, यंत्र : बादली.

रकाना सात, कारण. शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर आणला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हात थांबला. शिक्का ठेवून दिला आणि पेनाने लिहिलं : घाबरला होता. कोणाला सांगितलं नाही.

लिहिल्यावर बघत बसलो. वरिष्ठांनी हा फॉर्म परत पाठवला असता.

उद्या दुकानात जायचं आहे. सॉ त्यालाच देऊन टाकणार, त्याच्या उपयोगी पडेल. आणि दारात उभं राहायचं नाही, आत जायचं. काय बोलायचं ते ठरत नाही. बोलायची भीती वाटते. हे हिला सकाळीच सांगितलं. ती म्हणाली, मी येते बरोबर.

फॉर्म पूर्ण झाला, फक्त खालची ओळ उरली : साक्षीदाराची सही. इथे कोणाची घ्यायची हे बघायला, जुना फॉर्म कसा भरला होता ते आठवावं म्हणून सवयीने मागचं पान उलटलं. माझा नियम मोडून.

खाली पेन्सिलीने बारीक सही होती. हिची. त्याच्या मागच्या पानावर होती. चौदा तारखेच्या पानावर होती, टेबलाखालच्या पेनाच्या बरोबर खाली, तिथे पेन्सिल जरा जास्त दाबली गेली होती. दहा तारखेच्या पानावर होती, हाताच्या घामाखाली. मी उलटत गेलो.

एक मार्चच्या पानावरही होती. ‘हे लिखाण माझ्याशिवाय कोणी वाचायचं नाही’ याच्या खाली.

रजिस्टर तसंच उघडं टेबलावर ठेवलं, आजच्या पानाशी. शेजारी पेन्सिल ठेवली.